१२० × ६० सेंमी टेबलावर मॉडेल ट्रेनचा ट्रॅक कसा आखावा?

या मापात एन स्केल घ्या (१:१६०, रुळांतलं अंतर ९ मिमी). एचओ या त्याहून मोठ्या स्केलमध्ये सर्वसाधारण वळणाचा अर्धगोलसुद्धा ६० सेंमीत मावत नाही.

कॅटो या जपानी कंपनीचे २४९ मिमी त्रिज्येचे, ४५ अंशांचे ८ तुकडे आणि २४८ मिमीचे ४ सरळ तुकडे घेतले की लांबट गोल तयार होतो. खडीसकट रुंदी साधारण ५२.५ सेंमी, म्हणजे दोन्ही कडांना जेमतेम पावणेचार सेंमी उरतात. २८२ची त्रिज्या मोहात पाडते, पण तिथे कडेला अर्धा सेंमीच राहतो; डबा घसरला की थेट जमिनीवर.

पुलाचा हट्ट मात्र सोडाच. एका रुळावरून दुसरा न्यायला ५ सेंमी उंची लागते आणि ३ टक्के चढाने त्यासाठी १६७ सेंमी लांबी, उतरायला पुन्हा तेवढीच. अख्खा गोल आहे जेमतेम २५६ सेंमीचा!

डाव्या वळणाला लगेच उजवं जोडू नका. मध्ये किमान एका डब्याइतका सरळ रूळ हवा, नाहीतर कपलिंग (डबे जोडणारे आकडे) एकमेकांना आडवं ओढतात आणि चाकं रुळावरून उतरतात. सायडिंगचा, म्हणजे गाडी बाजूला उभी करायच्या रुळाचा, सांधा (जिथे रूळ फुटतो ती जागा) सरळ भागातच बसवा.

खरेदीआधी कागदावर खऱ्या मापात आखून टेबलावर अंथरून बघा.