व्हिएतनामची एम-११३ करताना

१९६८ सालच्या व्हिएतनाममधल्या एम-११३ चं, म्हणजे जवानांना नेणाऱ्या अमेरिकी चिलखती गाडीचं, स्केल मॉडेल करायचं आहे. किटात मागच्या रॅम्पशेजारच्या (रॅम्प म्हणजे खाली पडणारं मागचं दार) इंधनटाक्या आणि पुढचे धुराचे लाँचर आहेत, ते लावू का, असं तुम्ही विचारलंत. अजिबात लावू नका. तो साज ए-२ आणि ए-३ या पुढच्या आवृत्त्यांचा, म्हणजे १९७९ नंतरचा. सरळ स्पेअर बॉक्समध्ये टाका.

ही गाडी अशी का दिसते, हे कळलं की असे प्रश्न निम्मे सुटतात. दुसऱ्या महायुद्धातला एम-३ हाफ-ट्रॅक वरून उघडा, त्यामुळे हवेत फुटणाऱ्या गोळ्यांचे तुकडे थेट आत. कोरियाच्या वेळची एम-७५ बंदिस्त, पण जड, महाग आणि पाण्यात न तरंगणारी. एम-५९ तरंगायची, स्वस्तही होती. फक्त ट्रकच्या दोन इंजिनांवर तिचा जीव पुरत नसे. १९६० मध्ये एफएमसी या अमेरिकी कंपनीने ॲल्युमिनियमची एम-११३ आणली आणि वजन दहा टनांच्या आसपास आलं. अकरा जवानांना नेऊन सोडायचं, लढाई त्यांनी उतरून करायची, एवढीच तिच्याकडून अपेक्षा.

व्हिएतनाममध्ये हे गणित फिरलं. जानेवारी १९६३ मध्ये आप बाक गावाजवळच्या लढाईत दक्षिण व्हिएतनामी सैन्याच्या एम-११३ वरचे मशीनगनवाले कमरेपासून वर उघडे होते आणि एकामागून एक मारले गेले. मग मशीनगनवाल्याभोवती शील्ड, म्हणजे पोलादी ढाली, आल्या. १९६६ मध्ये ११ वी आर्मर्ड कॅव्हलरी ही अमेरिकी रेजिमेंट आली तेव्हा पॉइंट ५० या जड मशीनगनला पूर्ण कवच आणि मागच्या हॅचच्या (छतावरच्या झाकणाच्या) दोन्ही बाजूंना शील्डसह एम-६० मशीनगन अशी मांडणी ठरून गेली होती. तिलाच एकॅव्ह (आर्मर्ड कॅव्हलरी असॉल्ट व्हेइकल) म्हणतात. सुरुंगांच्या भीतीने जवान छतावर बसत, म्हणून तुमच्या आकृत्याही छतावरच बसवा. मागची मोठी हॅच उघडी, आत दारूगोळ्याच्या पेट्या, तळाला वाळूची पोती. ट्रॅक झाकणारे बाजूचे रबरी स्कर्ट बऱ्याचदा काढलेले असत, कारण तिथे चिखल अडकतो.

आता रंगाचं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हल, म्हणजे गाडीचा सांगाडा, ॲल्युमिनियमचा आहे, त्याला तांबूस गंज चढत नाही. ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे लष्करी हिरवट रंग, खरवडला तिथे फिकट, मंद करडा दाखवा. तांबूस छटा फक्त पोलादी भागांवर, म्हणजे ट्रॅक आणि शील्डवर. बाकी सगळा तांबडेपणा मातीचा, तो पिगमेंटने (रंगाच्या कोरड्या भुकटीने) खालून वर विरळ करत न्या. पुढची फळी, पाण्यात उतरताना उघडायची ती, लाकडी आहे; तिथे रंग उडाला तर खाली लाकूड दिसलं पाहिजे.

पुढे ब्रॅडली करणार म्हणालात. १९८१ ची ती अमेरिकी चिलखती गाडी उलट्या विचाराची: २५ मिमी तोफ, टो ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं, आणि जवानांना आतूनच गोळीबार करायला झडपा. तिच्या पुढच्या एम-२ए२ आवृत्तीमध्ये जादा चिलखताखाली बाजूच्या झडपा बुजवल्या, फक्त रॅम्पवरच्या उरल्या. १९९१ च्या आखाती युद्धात बाजूच्या झडपा असलेल्या आणि बुजवलेल्या, दोन्ही प्रकारच्या ब्रॅडली होत्या, तेव्हा आधी तुकडी ठरवा, तिचा फोटो शोधा आणि मगच किट घ्या.