आई-बाबा तीन दिवसांसाठी रेजायनाला येत आहेत, सस्कॅचेवानमध्ये त्यांना काय दाखवू?

जुलैत आई-बाबा येणार, हातात तीनच दिवस, आणि जो तो म्हणतोय इथे नुसती शेतं आहेत, डोंगरातल्या बांफला घेऊन जा, असं तुम्ही लिहिलंय. बांफ सुंदरच आहे, पण तीनातले दोन दिवस गाडीतच जातील. त्यापेक्षा त्यांना दक्षिणेला ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानात न्या.

स्विफ्ट करंटपर्यंत ट्रान्स-कॅनडा हायवे, तिथून ४ नंबरचा रस्ता धरून व्हॅल मरी हे गाव. चारेक तास लागतात. पेट्रोल स्विफ्ट करंटलाच भरून घ्या. व्हॅल मरीजवळ उद्यानाच्या पश्चिम भागात एक खडीचा रस्ता आहे, त्यावरून सावकाश, थांबत थांबत जायचं. वाटेत प्रेअरी डॉगच्या वसाहती लागतात. नावात डॉग असला तरी हा प्राणी खारीच्या कुळातला. काळ्या शेपटीची ही जात कॅनडात रानात फक्त याच भागात उरली आहे. बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभं राहून एकाने हाक दिली की बाकीचे सावध होतात. माझी आई तिथून तासभर हलली नव्हती.

बायसन म्हणजे इथले रानटी गवेही दिसतील. एकोणिसाव्या शतकात शिकारीने इथले सगळे संपले होते. २००५च्या डिसेंबरात एल्क आयलंड उद्यानातून ७१ आणले आणि पुढच्या वर्षी माळावर मोकळे सोडले. १०० मीटरच्या आत मात्र जाऊ नका, कितीही शांत चरत असले तरी.

आम्ही सोलापूरकडचे. गाडीतून उतरल्याबरोबर बाबा म्हणाले, "अरे, हा तर आपला नान्नजचा माळ!" मला फार बरं वाटलं. आपल्याकडे माळ म्हणजे पडीक जमीन असं समजून तो नांगरला, तसंच प्रेअरीचं, म्हणजे इथल्या गवताळ माळाचंही झालं. नांगर न लागलेलं मूळ गवत इथे अजून शाबूत आहे. त्यात दगडांची वर्तुळंही दिसतात. इथल्या मूळ रहिवाशांनी आपल्या तंबूंच्या कडा दाबायला ठेवलेले ते दगड आहेत. जिथे आहेत तिथेच राहू द्या.

एक रात्र तिथेच काढा, हे माझं खास सांगणं. आसपास दिव्यांचा उजेड नाही, आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. जुलैत पुरता अंधार व्हायला अकरा वाजून जातात, म्हणून आई-बाबांना दुपारी झोपू द्या.

दुसऱ्या दिवशी ईस्टएंडला जाता येईल. १९९१मध्ये 'स्कॉटी' या टी-रेक्स डायनोसॉरचा सांगाडा त्या गावाजवळच सापडला आणि तिथे त्याचं संग्रहालय आहे. उंच झाडांची सावली हवी असेल तर पुढे सायप्रेस हिल्स.

माळावर सावली अजिबात नाही. टोप्या आणि भरपूर पाणी घ्या, चालायचं ते सकाळी किंवा संध्याकाळी. रॅटलस्नेक हे विषारी साप असतात, म्हणून पाय झाकणारे बूट घाला आणि परतल्यावर अंगावर गोचीड आहे का ते बघा. पाऊस झाला तर कच्च्या रस्त्यावर गाडी घालू नका. आपल्या काळ्या रानासारखी माती आहे, चाकाला धरली की सोडत नाही.