हिब्रू भाषेत 'साक्ष' या शब्दाचा अर्थ 'पुन्हा कर' असा होतो का?

तुमच्या प्रार्थनासभेत आलेल्या पाहुण्या वक्त्यांनी सांगितलं की 'साक्ष' या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ 'पुन्हा कर' असा आहे. म्हणून कुणी साक्ष दिली की देव तोच चमत्कार ऐकणाऱ्याच्या आयुष्यातही करतो. हे मूळ भाषेला धरून आहे का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. पण वक्त्यांनी हे अगदी हवेतून काढलेलं नाही. धागा आहे, तो भलताच ताणलाय.

साक्षीला हिब्रूत 'एदूत' म्हणतात आणि साक्षीदाराला 'एद'. या शब्दांचा धातू आयिन-वाव-दालेत या तीन हिब्रू अक्षरांचा मानतात, आणि त्याच अक्षरांचं 'ओद' हे अव्यय 'पुन्हा', 'अजून' या अर्थाने येतं. साक्षीदार म्हणजे घडलेलं पुन्हा बोलून दाखवणारा, अशी जोड त्यावरून लावली जाते. तिथवर माझी तक्रार नाही. पण व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. 'पत्र' म्हणजे मुळात झाडाचं पान, म्हणून राजीनामापत्र देताना कुणी साहेबांच्या टेबलावर पिंपळपान ठेवत नाही. शब्दाचा अर्थ तो वापरला कसा जातो यावरून काढायचा.

मग 'एदूत' कुठे येतो ते बघा. बायबलातल्या निर्गम या पुस्तकात, 25:16 मध्ये, देव मोशेला सांगतो, मी तुला देईन ती एदूत कोशात, म्हणजे पवित्र पेटीत, ठेव. 31:18 मध्ये ती हातात पडते: देवाच्या बोटाने लिहिलेल्या दोन दगडी पाट्या. म्हणजे इथे एदूत हा कुणाचा अनुभव नाही, तोंडी निवेदनही नाही. ती लेखी, बंधनकारक वस्तू आहे, पेटीत ठेवता येणारी. आपल्या जुन्या वळणाच्या मराठी बायबलात यासाठी 'साक्षपट' असा शब्द आहे आणि मला तो फार नेमका वाटतो, कारण त्यातल्या 'पट'मुळे हा दस्त आहे हे लगेच कळतं. गंमत म्हणजे स्तोत्र 19:7 मध्ये हाच हिब्रू शब्द आहे, पण तिथे मराठीत 'निर्बंध' येतो. 176 ओव्यांच्या 119व्या स्तोत्रात 'तुझे निर्बंध' पुन्हा पुन्हा येतात, तेही याच घराण्यातले. मराठी वाचकाला ही सोयरीक दिसतच नाही.

ही वस्तू पेटीत का ठेवायची, याचं उत्तर त्या काळच्या तहनाम्यांत मिळतं. इसवी सनपूर्व चौदाव्या शतकात हित्ती राजा शुप्पिलुलिउमा आणि मितान्नी राज्याचा शत्तिवाझा यांच्यात तह झाला, तेव्हा त्याची एक प्रत हित्तींच्या सूर्यदेवीसमोर आणि दुसरी मितान्नीच्या वादळदेवासमोर ठेवायची असं ठरलं. ज्याची शपथ घेतली त्याच्याच पायाशी करार. पुढे असिरियाच्या राजाने, एसरहद्दोनने, इसवी सनपूर्व 672 मध्ये आपल्या वारसाशी एकनिष्ठ राहण्याच्या शपथा मांडलिकांकडून घेतल्या. त्यातली एक पाटी 2009 साली तुर्कस्तानातल्या तेल तायिनात इथे देवळाच्या गाभाऱ्यात सापडली. अशा शपथबद्ध कराराला असिरियन लोक 'आदे' म्हणत. बरेच अभ्यासक 'एदूत' त्याच्या जवळ नेऊन बसवतात. सगळ्यांना ते पटत नाही. पण बायबलातच एके ठिकाणी 'साक्षीचा कोश' आणि दुसरीकडे 'कराराचा कोश' असं त्याच पेटीला म्हटलेलं आहे, तेव्हा मला तरी हे नातं पटतं.

आता क्रियापद. 'हेईद' म्हणजे साक्षी ठेवणं, आणि बजावून सांगणं. उत्पत्ती 43:3 मध्ये याकोबाचा मुलगा यहूदा बापाला म्हणतो, भावाला आणल्याशिवाय तोंड दाखवू नका असं त्या माणसाने, म्हणजे मिसरातल्या अधिकाऱ्याने, आम्हाला निक्षून बजावलंय. तिथे हेच क्रियापद आहे, तेही जोर देऊन दोनदा. आपल्याकडे याला ताकीद म्हणतात. निर्गम 21:29 तर बैलाबद्दल आहे: बैल आधीपासून मारका, मालकाला ताकीद दिलेली, तरी त्याने त्याला बांधलं नाही आणि माणूस मेला, तर बैलाला दगडमार आणि मालकालाही मृत्युदंड. याच वचनातून यहुदी धर्मशास्त्रात 'मूआद' ही संज्ञा आली, म्हणजे ज्याच्या मालकाला रीतसर ताकीद मिळाली आहे असा बैल. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात रब्बी यहूदा म्हणतात की त्याच्याविरुद्ध तीन दिवस साक्ष व्हायला हवी. तेव्हा या धातूत 'पुन्हा' शोधायचंच असेल तर ते इथे सापडतं, आणि पुन्हा करणारा असतो शिंगं मारणारा बैल!

साक्षीदाराचं कामही असंच जोखमीचं. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकात, 19:15 प्रमाणे, एकट्याची साक्ष चालत नाही, दोन किंवा तीन लागतात. 17:7 प्रमाणे मृत्युदंडात पहिला दगड साक्षीदारानेच उचलायचा. खोटं बोललात, तर जी शिक्षा दुसऱ्याला लावू पाहत होतात ती तुम्हालाच.

वक्त्यांनी बहुधा प्रकटीकरण 19:10 चा आधारही दिला असेल, 'येशूविषयीची साक्ष हा संदेशाचा आत्मा आहे'. ते पुस्तक ग्रीक आहे, शब्द 'मार्तुरिया'. त्याच्या पोटात हिब्रू धातू घालून अर्थ काढता येत नाही.

मग आपल्या अनुभवाची साक्ष देणं चूक का? मुळीच नाही, फक्त वचन दुसरं घ्या. स्तोत्र 66:16 मध्ये कवी देवाला भिणाऱ्यांना बोलावतो आणि म्हणतो, या, ऐका, त्याने माझ्या जिवासाठी काय केलं ते मी सांगतो. तिथलं क्रियापद आहे 'सप्पेर', साधं 'सांगणं'. सभेत तुमच्याकडे चालतं ते हेच, आणि त्याला एदूतची गरज नाही.