सात-आठ क्लायंट असलेल्या छोट्या एजन्सीला गूगल ॲनालिटिक्स पुरेसं आहे, की पैसे भरून वेगळं रिपोर्टिंग टूल घ्यावं?

मोजणं आणि अहवाल देणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि तुलना करताना नेमकी इथेच गल्लत होते. मोजण्यासाठी जीए४ (म्हणजे गूगल ॲनालिटिक्सची सध्याची आवृत्ती) पुरेसं आहे, तेही फुकट. फक्त पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन डेटा साठवण्याची मुदत २ महिन्यांवरून १४ महिने करा. हे राहून गेलं, की पुढच्या दिवाळीला एक्सप्लोरेशनमध्ये (जीए४मधल्या सखोल विश्लेषणाच्या भागात) मागच्या दिवाळीशी तुलना करता येत नाही, आणि गेलेला डेटा परत मिळत नाही. क्लायंटला माहिती स्वतःच्याच सर्व्हरवर हवी असेल, तर माटोमो हे स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारं मोजणीचं टूल बघा.

अहवालासाठी लुकर स्टुडिओ, म्हणजे गूगलचंच अहवाल बनवायचं टूल. गूगलच्या जाहिराती, सर्च कन्सोल (गूगल सर्चमध्ये साइट कशी दिसते ते दाखवणारं टूल), सगळं थेट जोडता येतं. अडतं ते फेसबुक-इन्स्टाग्रामपाशी. तिथे बहुधा सुपरमेट्रिक्ससारखा पैशाचा कनेक्टर, म्हणजे तिथला डेटा अहवालात आणून देणारं जोड-टूल, लागतो. महिन्याला किती तास आकड्यांच्या कॉपी-पेस्टमध्ये जातात ते आधी मोजा, मगच एजन्सीॲनालिटिक्ससारख्या पैसे भरून घ्यायच्या तयार रिपोर्टिंग टूलकडे वळा.

आणि एक गोष्ट क्लायंटला आधीच समजावून सांगा, अगदी कळकळीने सांगतो. मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) आणि जीए४ यांचे विक्रीचे आकडे जुळणार नाहीत. मेटा साधारणपणे क्लिकनंतरच्या ७ दिवसांतली आणि नुसती जाहिरात दिसल्यानंतरच्या १ दिवसातली विक्री त्या जाहिरातीच्या खात्यात धरतं. फेसबुकवर नुसती पाहिलेली जाहिरात जीए४ला कळतच नाही. टूल कितीही महाग घेतलंत तरी हा फरक राहणारच.