माळ ओढणीखाली

"ताई, गळ्यात तुळशीची माळ आणि वहीत खोटा देव. हे पाप नव्हे काय?"

खानापूर तालुक्यातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी. तिला विचारूनच हे लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. घर माळकऱ्यांचं, आजोबा आषाढीला पंढरीला पायी जाणारे. ती एक लांबलचक कथा लिहीत होती. त्यातली माणसं नदीलाच देव मानतात, भरलेली पहिली घागर परत नदीत ओततात. कणकुंबीला मलप्रभेचा उगम बघून तिला हे सुचलेलं. मला ते ऐकताक्षणी आवडलं.

बोलताना ती माळ सारखी ओढणीखाली सारत होती. लिहितानाही असंच करतेस का, विचारलं. "होय की. देवघराकडं पाठ करून बसते."

पाप-पुण्याचा निवाडा करणं माझं काम नाही, हे मी आधीच सांगितलं. विचारलं एवढंच, की पान लिहून झालं की काय करतेस? तर हरिपाठ. आधी एकदा, मग दोनदा, आता तीनदा, आणि म्हणताना लक्ष चुकलं की पहिल्यापासून. इथं मी सावध झाले. भीती घालवायला केलेली अशी भरपाई घटकाभर सुटका देते, पण मनाला पटवते की खरंच काहीतरी वाईट घडलं होतं. मग पुढच्या वेळी जास्त करावं लागतं. मंत्रचळ असाच वाढतो. तो दिवसाचे तास खाऊ लागला तर मानसोपचारतज्ज्ञांकडं जावंच, उपचारांनी फरक पडतो. हिचं तिथवर गेलं नव्हतं.

ठरलं असं. हरिपाठ संध्याकाळी घरच्यांबरोबर, एकदाच. पानानंतर भरपाई नाही. भीतीला दहापैकी गुण द्यायचे, अर्ध्या तासानं पुन्हा. पहिल्या दिवशी आठाचे सहा झाले. तिसऱ्या आठवड्यात ती गुण लिहायलाच विसरली.

पण भीतीखालचा प्रश्न खरा होता. मी एकनाथांचं उदाहरण दिलं. पैठणचे नाथ भारुडांत जोशी होतात, वासुदेव होतात, हिंदू-तुर्क संवादात दोन्हीकडून बोलतात. तिनं लगेच अडवलं, "पण नाथांनी नवा देव नाही केला." बरोबर होतं तिचं. मग 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किनचं सांगितलं. लहानपणापासून कॅथलिक असलेल्या या श्रद्धाळू लेखकानं आपल्या कथेतल्या जगासाठी निर्माता आणि सृष्टीची उत्पत्ती स्वतः रचली, तरी आपला धर्म सोडला नाही. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे वहीतल्या देवाला मी हात जोडत नाही. माझी माणसं जोडतात."

खरी धास्ती आजोबांची होती. त्यांना वाचून दाखव, म्हटलं. तिला आठ दिवस धीर होईना. शेवटी एका रात्री जेवणं झाल्यावर तिनं नदीच्या प्रार्थनेचं पान वाचलं. आजोबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, तुझी माणसं नुसती हात जोडतात. भांडत कशी नाहीत? आमच्या जनाबाईनं विठोबाला शिव्या घातल्या. पाऊस नाही पडला तर तुझ्या नदीशी कोण भांडतंय?"

परवा ती नवं प्रकरण घेऊन आली होती. दुष्काळात एक म्हातारी कोरड्या पात्रात उतरते, रिकामी घागर वाळूवर आपटते आणि ओरडते, "इतकी वर्षं ओतल्या त्या घागरी मोजून दे माझ्या!"