पाला टाकला, अर्क मारला, तरी कीड का राहिली?

प्रश्न : हरभऱ्याला कळी लागताच निंबोळी अर्क फवारला. दुसऱ्या दिवशी घाटेअळ्या जिवंतच होत्या. चूक अर्कात की आमच्या कृतीत? (जि. जालना)

दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसणारच, त्यावरून अर्क फसला असं समजू नका. निंबोळीतलं मुख्य द्रव्य म्हणजे ॲझाडिरॅक्टिन. त्यानं अळी पटकन मरत नाही. एक तर पान नकोसं झाल्यामुळे ती खाणं कमी करते, आणि जेवढं पोटात जातं ते तिच्या कात टाकण्याच्या संप्रेरकांत बिघाड करतं. मग अळी अर्धवट कातेत अडकते, सुस्तावते आणि काही दिवसांनी मरते. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाडीनं सगळं हिरवं फस्त केलं, कडुनिंब तेवढे शाबूत राहिले. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटरर यांना तिथेच हा धागा सापडला. टोळ मेले नव्हते, त्यांनी फक्त तोंड लावलं नव्हतं. तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी नुसत्या अळ्या मोजू नका. पानं नव्यानं कुरतडली जातात का आणि ताजी विष्ठा दिसते का, ते पाहा.

आता कृती. १०० लिटर फवाऱ्याला वाळलेल्या निंबोळ्यांचा ५ किलो गर लागतो. टरफलासकट भरडत असाल तर जास्त घ्या, वजनात टरफलाचा वाटा मोठा असतो. भरड ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी काठीनं ढवळून फडक्यातून गाळा आणि चोथा पिळून घ्या. पाणी दुधासारखं पांढुरकं आलं पाहिजे. कमी भरलं तर चोथ्यावर पुन्हा पाणी घालून ९ लिटर पुरं करा. त्यात १ लिटर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळा. हा झाला १० लिटर अर्क. १५ लिटरच्या पंपाला यातला दीड लिटर, बाकी पाणी.

फसतं ते बहुधा इथे:

निंबोळी जुनी किंवा बुरशी आलेली असते. पावसाळ्याच्या तोंडाला गोळा केलेली निंबोळी वरची साल आणि मऊ गर काढून, धुऊन सावलीत वाळवावी आणि हवा खेळती राहील अशा पोत्यात ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजते. फोडून पाहा: टरफलाच्या आतला गर हिरवट-पिवळसर हवा, काळा पडला असेल तर फेकून द्या.

काही जण घाई म्हणून अर्क उकळतात, काही जण निंबोळीऐवजी पाला उकळतात. उष्णतेनं द्रव्य बिघडतं आणि पाल्यात ते मुळातच फार कमी असतं.

साबण आदल्या रात्रीच घातला जातो. अल्कधर्मी पाण्यात ॲझाडिरॅक्टिन टिकत नाही आणि कपडे धुण्याचा साबण अल्कधर्मीच असतो. तो फवारणीच्या तोंडावर घाला आणि अर्क त्याच दिवशी संपवा.

आणि भर दुपारी फवारतात. उन्हातली अतिनील किरणं हे द्रव्य मोडतात. चार वाजल्यानंतर फवारा, पानं खालूनही भिजली पाहिजेत. आठ-दहा दिवसांनी दुसरी फेरी लागतेच.

एवढं करूनही डोकं घाट्यात खुपसून बसलेली बोटाएवढी अळी या अर्काला दाद देणार नाही. तो अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या अळ्यांसाठी आहे. ओळीच्या मीटरभर लांबीत एक-दोन लहान अळ्या दिसल्या की थांबू नका.

प्रश्न : गव्हाच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घातला होता, तरी दोन महिन्यांत सोंडे झाले. मुगाला मात्र तेल चोळलं, तो चांगला राहिला. असं का? (सातारा)

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. सोंडकिड्याची मादी गव्हाच्या दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक चिकट स्रावानं बुजवते. अळी आतच वाढते. पाल्याचा वास बाहेरच्या किड्याला थोडाफार हटवेल, आतल्या अळीचं काय करणार? शेतातून किंवा दुकानातूनच अंडी आली असतील तर पाला कुचकामी. मुगाच्या भुंगेऱ्याची अंडी दाण्याच्या सालीवर चिकटलेली असतात. भिंगातून पाहा, पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतील. तेलाच्या थरानं त्यांना हवा मिळत नाही आणि ती गुदमरतात. किलोला ५ मिली शेंगदाणा तेल पुरतं, पण प्रत्येक दाणा चकाकेपर्यंत हातानं चोळायला हवं.

गव्हाचा खरा इलाज कडक वाळवणं. दाण्याचा दाताखाली कट् आवाज झाला पाहिजे. ऊन दिल्यावर तो गार होऊ द्या, मगच भरा; गरम गहू भरला तर आत घाम धरतो. पाला घालायचाच तर सावलीत कुरकुरीत वाळवून. ओला पाला म्हणजे आपण होऊन घातलेलं पाणी. चार-पाच किलोच असेल तर पिशवीत बांधून डीप फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवा, अळीही मरते.

प्रश्न : तमालपत्रानं झुरळं जातात का?

जवळजवळ नाहीच. ही शिफारस मुळात युरोपातल्या लॉरेलच्या पानाची. आपलं तमालपत्र दालचिनीच्या जातीच्या झाडाचं, दोन्ही पानांचं तेल वेगळं. शिवाय वासानं झुरळ हटलं तरी एका खणातून दुसऱ्या खणात जातं. गळका नळ दुरुस्त करा आणि फटी बुजवा.

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलीला डासांसाठी निलगिरी तेल किंवा कापूर घातलेलं खोबरेल लावावं का? खिडकीत गवती चहाची कुंडीही ठेवली आहे. (पुणे)

दोन्ही लावू नका. डास आपल्याला उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, घामाच्या वासावरून आणि अंगाच्या उबेवरून शोधतो. वनस्पतीचं तेल या वासांची गल्लत करतं, पण हवेत तेल असेपर्यंतच. सिट्रोनेला, म्हणजे गवती चहाच्या जातीच्या गवताचं तेल, तास-दोन तासांत उडून जातं. कुंडीतल्या गवती चहाचं तेल तर पानाच्या पेशींत बंद असतं. पान चुरगळल्याशिवाय ते बाहेरच येत नाही.

निलगिरीच्या नावानंही घोळ होतो. डासांवर बराच वेळ टिकणारं पीएमडी हे द्रव्य लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून प्रक्रिया करून बनवतात. औषधाच्या दुकानातलं साधं निलगिरी तेल ते नव्हे. आणि ते पीएमडीही तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत. कापराची गोष्ट अधिक गंभीर: तो लहान मुलाच्या पोटात गेला, अगदी बोट चाखताना, तरी झटके येऊ शकतात. डबी उंचावर ठेवा.

मुलीला पूर्ण बाह्यांचे सैल, फिक्या रंगाचे कपडे घाला आणि दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी लावा, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. कुंडीखालच्या बशीतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून बशी घासा, अंडी काठालाच चिकटलेली असतात.