चांगली सिस्टर आपोआप चांगली टीचर होते का?

प्रश्न: बीएस्सी नर्सिंग करून बरीच वर्षं झाली, म्हापशाला मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. आता मेट्रन म्हणतात स्टुडंट्सना तूच शिकव, घरचे म्हणतात एमएस्सी करून कॉलेजात जा. हात चालतो पण शिकवायला उभी राहिले की तोंडातून शब्द फुटत नाही. काय करू? – एक वाचक, बार्देश

उत्तर: ताई, शब्द फुटत नाही ते तुम्हाला कमी येतं म्हणून नाही, उलट जास्त येतं म्हणून. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्सिंग-अभ्यासकांनी १९८४ मध्येच मांडलंय की नर्स नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या चढते आणि शेवटच्या पायरीवर ती नियम आठवून काम करत नाही, पेशंटकडे बघूनच तिला कळतं. आता हेच कळलेलं पुन्हा सुटं करून सांगायचं, आणि ते वेगळं शिकावं लागतं हो, नुसत्या सीनियॉरिटीने येत नाही.

रॉडनी पेटन या सर्जनची चार पायऱ्यांची पद्धत आहे ती धरा. समजा आयव्ही कॅन्युला, म्हणजे सलाइनसाठी शिरेत बसवायची बारीक नळी. आधी सरावाच्या मॉडेलच्या हातावर नेहमीच्या स्पीडने, काही न बोलता करून दाखवा. मग सावकाश, प्रत्येक गोष्ट बोलत, टूर्निके (शीर फुगवायचा पट्टा) कुठे बांधला, अंगठ्याने कातडी खाली का ताणली, सुईमागच्या चेंबरमध्ये रक्त दिसल्यावर सुई आडवी करून अगदी किंचितच पुढे का न्यायची आणि मग नुसती नळी का सरकवायची. तिसऱ्यांदा मुलगी सांगेल आणि तुम्ही कराल, ही पायरी लोक गाळतात आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते, कारण तिचं कुठे अडतंय ते पेशंटला सुई लागायच्या आधीच कळतं. चौथ्यांदा ती स्वतः करेल, बोलत बोलत.

आणि एक, चुकली तर पेशंटसमोर ओरडू नका प्लीज, पेशंटचा हात धोक्यात असेल तर शांतपणे तुम्ही हातात घ्या, बाकी बोलणं नंतर ड्युटी रूममध्ये, आणि आधी तिलाच विचारा काय झालं असं तुला वाटतं. कोकणीत बोलली तर बोलू दे, समजलंय की नाही ते महत्त्वाचं.

एमएस्सी दोन वर्षांचं, बीएस्सीला ५५ टक्के आणि नंतर वर्षभराचा अनुभव लागतो, अनुभव तर तुमच्याकडे भरपूर आहे. पण कॉलेजात लेक्चर, पेपर, मार्क, रेकॉर्ड पण आलं, बेडसाइड, म्हणजे पेशंटजवळचं काम, कमी होतं. म्हणून मी म्हणेन मेट्रनना आधी हो म्हणा, एक बॅच वॉर्डात शिकवा, आवडलं तर फॉर्म भरा.